वाड्याच्या फळीचं टेबल

पाडकामातून सागाची एकच सलग फळी मिळाली, दोन फूट रुंद, दीड इंच जाड. एका टोकाला चीर, आणि मधोमध खोलगट वाकलेली. रंधा लावण्याआधी चुंबक फिरवला; आत तुटलेले खिळे निघाले. एक जरी राहिला तर पात्याला खांडा पडलाच म्हणून समजा.

चीर वाढू नये म्हणून तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची शिसवीची चावी, म्हणजे दोन्ही बाजू धरून ठेवणारा तुकडा, बसवली. चावीच्या लाकडाचे तंतू चिरेला आडवे हवेत, नाहीतर चावीच कंबरेत मोडते. पटाशीचं हे काम किचकट, पण मला सगळ्यात आवडलेलं.

रंध्याने सपाट केल्यावर खरा प्रश्न उरला, पुन्हा वाकू नये याचा. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळजवळ हलत नाही. म्हणून फळी सपाट राहावी यासाठी खालून लावलेल्या आडव्या पट्ट्यांना डिंक अजिबात नाही. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोकं लांबट, वर वॉशर. फळी सरकते, पण वाकत नाही. चकचकीत पॉलिश टाळलं, जुने डाग मुद्दाम ठेवले. फक्त जवसाचं तेल, पातळ हात देऊन. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.