एन्ड्युरन्स शर्यतीची तयारी करताना या चुका टाळा

शर्यत तीन आठवड्यांवर आली की गॅरेजमध्ये सगळ्यांचा जीव लॅप टाइममध्ये अडकतो. डॅम्परचे (धक्के शोषणाऱ्या भागाचे) क्लिक, विंगचा कोन, टायरचा दाब यावर रात्री उशिरापर्यंत खल चालतो. ते काम हवंच. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत गाडी मागे पडते ती बहुतेक वेळा वेग कमी पडला म्हणून नव्हे, तर गॅरेजमध्ये उभी राहिली म्हणून. आणि उभी राहण्याचं कारण बऱ्याचदा आधीच सापडण्यासारखं असतं. खाली ज्या चुका दिल्या आहेत त्यांच्या मुळाशी मला एकच चूक दिसते: जे काम सरावात एकदाही केलेलं नाही, ते पहिल्यांदा शर्यतीत करायची वेळ येऊ देणं.

अर्ध्या सेकंदामागे धावणं

दोन मिनिटांची फेरी धरली तर २४ तासांत जास्तीत जास्त ७२० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत अर्धा सेकंद वाचवला तर हाती येतात ६ मिनिटं, तीही ट्रॅक कायम मोकळा मिळाला तर. तो मिळत नाही. प्रोटोटाइप (सर्वांत वेगवान वर्गातल्या गाड्या) मागून येत असतात, मंद गाड्या पुढे असतात, मध्येच सगळ्यांना हळू चालवणारी सेफ्टी कार येते. उलट एक सैल कनेक्टर शोधायला गाडी गॅरेजमध्ये ढकलून बॉनेट उघडलं, की ती ६ मिनिटं बघता बघता संपतात.

म्हणून सेटअप ठरवताना सर्वांत वेगवान ड्रायव्हरपेक्षा सर्वांत कमी अनुभवाच्या ड्रायव्हरचं आधी ऐका. नव्या टायरवर, कमी इंधनावर केलेली एक झकास फेरी इथे फारशी उपयोगाची नाही. टाकी पूर्ण भरा, एकाच टायरवर पूर्ण स्टिंट (एका ड्रायव्हरची सलग पाळी) काढा आणि शेवटच्या दहा फेऱ्यांत गाडी कशी वागते ते तिन्ही ड्रायव्हरना वेगवेगळं विचारा. पहिल्या फेऱ्या छान जाऊन नंतर मागची बाजू सुटायला लागत असेल, तर मागचे टायर तापताहेत. टायर गरम असताना दाब मोजा, ट्रॅक्शन कंट्रोलची (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेची) सेटिंग एका पायरीने वाढवून पाहा, आणि थोडा अंडरस्टीअर (वळणात गाडी पुढून बाहेर सरकणं) खुशाल स्वीकारा. पहाटे तीन वाजता, ओल्या ट्रॅकवर, दमलेला ड्रायव्हर त्या अंडरस्टीअरबद्दल तुमचे आभार मानेल.

सुरुवातीच्या घाईबद्दलही हेच. १९६९ च्या ल मान्समध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीत, ड्रायव्हर जॅकी इक्स इतरांसारखा धावत गाडीकडे गेला नाही. धावत येऊन सुरुवात करण्याची ती पद्धत त्याला धोकादायक वाटत होती, म्हणून तो चालत गेला, बेल्ट नीट बांधला आणि सर्वांत शेवटी निघाला. २४ तासांनंतर जॅकी ऑलिव्हरसोबतची त्याची फोर्ड जीटी४० साधारण १२० मीटरने जिंकली. पहिल्या वळणावर जागा मिळवण्यासाठी गाडीचं नाक (पुढचा भाग) आणि रेडिएटर पणाला लावणाऱ्या ड्रायव्हरला ही शर्यत जरूर सांगा.

नवा भाग म्हणजे भरवशाचा भाग, हा समज

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सगळं नवं बसवून मोकळं व्हायचं, हा मोह फार जणांना होतो. नवं बेअरिंग, नवा ड्राइव्हशाफ्ट, नवी क्लच. पण ज्या भागाने एकही किलोमीटर पाहिलेला नाही, त्यात बनावटीचा दोष आहे की बसवताना काही चुकलं आहे, हे अजून कोणालाच माहीत नसतं. महत्त्वाचे भाग बसवल्यावर किमान एक लांब रन झाला पाहिजे. त्यानंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून रंगाची खूण करा. खूण सरकलेली दिसली की बोल्ट फिरला, हे टॉर्चच्या उजेडातही एका नजरेत कळतं.

प्रत्येक भागाच्या किलोमीटरची नोंद ठेवा. "मागच्या शर्यतीत बदलला होता बहुतेक" हे वाक्य ऐकू आलं, की तो भाग तपासायच्या यादीत गेला म्हणून समजा.

सुट्या भागांबाबत तर टीम हमखास चुकतात. पेटीत सुटं नाक आहे, पण ते या गाडीवर एकदा तरी बसवून पाहिलं आहे का? हेडलाइटचा प्लग पोहोचतो का, पिना बसतात का? प्रत्येक सुटा भाग एकदा गाडीवर चढवा, चालवा, उतरवा आणि मगच पेटीत ठेवा. ब्रेक पॅड आणि डिस्क तर आधीच जोडीने बेड करून (चालवून एकमेकांवर बसवून), त्यावर चाकाची बाजू लिहून ठेवायला हव्यात. कोऱ्या पॅडवर ड्रायव्हरला पूर्ण वेगात पाठवणं धोक्याचं आहे.

कनेक्टर, होज आणि वायरिंगकडे शेवटी पाहणं

इंजिन आणि गिअरबॉक्सची काळजी सगळेच घेतात. गाडी थांबवतो तो मात्र अनेकदा एखादा छोटासा जोड. २०१६ च्या ल मान्समध्ये ५ क्रमांकाची टोयोटा आघाडीवर होती आणि घड्याळात काही मिनिटंच उरली होती. काझुकी नाकाजिमाच्या गाडीची ताकद गेली आणि ती स्टार्ट-फिनिशच्या सरळ पट्ट्यावर थांबली. पोर्शे पुढे निघून गेली आणि जिंकली. टर्बोचार्जर आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीवरचा कनेक्टर निकामी झाला होता. नाकाजिमाने गाडी कशीबशी रेषेपलीकडे नेली, पण शेवटच्या फेरीला नियमात ठरलेल्या ६ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागल्याने ती अंतिम क्रमवारीतही धरली गेली नाही. जगातली एक अत्यंत सज्ज टीम होती ती. आपल्या गाडीवरच्या प्रत्येक होज क्लॅम्पला हात लावून पाहण्याचा कंटाळा करणाऱ्याने हा प्रसंग आठवावा.

तपासताना डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, हात लावा. हार्नेस (वायरींचा जुडगा) चॅसिसच्या कडेला घासतो का, एक्झॉस्टजवळची वायर उष्णतारोधक आवरणात आहे का, कनेक्टरचं लॉक "टक्" आवाज करून बसलं आहे का, नळी पूर्ण स्टीअरिंग फिरवल्यावर ताणली जाते का.

गाडी फक्त कर्बवरून (वळणाच्या उंचवट्याच्या कडेवरून) गेल्यावर झटका देत असेल आणि सरळ रस्त्यावर ठीक चालत असेल, तर इंजिनचा नकाशा (संगणकातल्या इंजिनच्या सेटिंग्ज) बदलत बसू नका. ते लक्षण जवळजवळ नेहमी विजेच्या जोडाचं असतं. इंजिन चालू ठेवा, एकाला लॅपटॉपवर बसवा आणि दुसऱ्याने एकेक कनेक्टर हलवून पाहावा. ज्या क्षणी सेन्सरची रेषा तुटते तिथे दोष आहे. अर्थची पट्टी आणि बॅटरीची टोकं सर्वांत आधी तपासा. अनेक सेन्सर एकाच वेळी वेडेवाकडे आकडे दाखवत असतील, तर सगळे एकदम बिघडण्याची शक्यता कमी. त्यांचा सामायिक वीजपुरवठा किंवा अर्थची जोडणी तपासा.

"ब्रेक लांब जातोय" एवढंच ऐकून गाडी आत बोलावणं

रेडिओवर सर्वांत गोंधळ उडवणारं वाक्य हेच. ड्रायव्हर आणि इंजिनिअर यांनी आधी बसून प्रश्न ठरवून घेतले, तर अनावश्यक थांबा वाचतो आणि गरजेचा थांबा लवकर घेता येतो.

फक्त कर्बनंतरच्या पहिल्या ब्रेकला पेडल लांब जातं आणि एकदा दाबून सोडलं की पूर्ववत होतं? डिस्क हलल्यामुळे कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन मागे ढकलले गेले. ड्रायव्हरने सरळ पट्ट्यावर डाव्या पायाने हलकेच पेडल टेकवायचं आणि चालत राहायचं. पण हेच दर फेरीला वाढत असेल, तर व्हील बेअरिंग सैल होत असण्याची शक्यता आहे आणि तिथे वाट पाहून चालत नाही. पेडल स्पंजासारखं लागतं? हवा शिरली किंवा द्रव उकळला. लांबलेल्या थांब्यानंतर किंवा सेफ्टी कारमागे हवा कमी मिळाल्यावर ते जास्त जाणवतं. जुना ब्रेक द्रव हवेतला ओलावा शोषतो आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून शर्यतीआधी ताजा द्रव भरलाच पाहिजे. आणि पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत जात असेल, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब द्रवाला देणारा भाग) गेला. तिथे चर्चा नको, गाडी लगेच आत.

पॅड किती टिकतील हे कॅटलॉग सांगत नाही. लांब रनआधी आणि नंतर जाडी मोजा, फेऱ्यांनी भागा आणि हे प्रत्येक ड्रायव्हरसाठी वेगळं करा. एकाच गाडीत दोघांची झीज किती वेगळी निघते हे पाहून बऱ्याच टीमना पॅड बदलायची वेळ नव्याने ठरवावी लागते.

पिट स्टॉपचा सराव ताज्या माणसांनी, दिवसाउजेडी

दुपारी थंड चाकांवर पिट स्टॉपचा (इंधन, टायर, ड्रायव्हर बदलण्याच्या थांब्याचा) सराव केला, वेळ छान आली, सगळे खूश. शर्यतीत मात्र चाक तापलेलं, अंधार, पाऊस आणि बारा तासांची झोपमोड. सरावाची एक फेरी तरी मुद्दाम मध्यरात्री घ्या, दमलेल्या माणसांनी, पूर्ण फायर सूट आणि हेल्मेट घालून.

नेहमीचा थांबा सगळे घोटवतात. अवघड थांबा कोणी घोटवत नाही. पॅड आणि डिस्क बदलणं, नाक बदलणं, एअर जॅक (हवेच्या दाबाने गाडी उचलणारा जॅक) न चालल्यास साध्या जॅकने गाडी उचलणं, व्हील नट आडवा (आट्यांत तिरका) बसल्यास सुटा नट हाताशी असणं, हे सगळं घड्याळ लावून करून पाहा. ड्रायव्हर बदलताना बेल्ट, रेडिओचा प्लग, पाण्याची नळी आणि उंचीनुसार सीटची गादी यांचा क्रम ठरलेला हवा. इंधन भरायला लागणाऱ्या वेळात हे उरकत असेल तर त्याहून घाई नको. त्यातून फक्त अर्धवट बांधलेला बेल्ट मिळतो.

थांब्यानंतर लगेच गाडी थरथरायला लागली, तर चाक सैल आहे असंच धरून चाला. सेफ्टी कारमागून आल्यावर टायरला चिकटलेल्या रबरानेही थरथर होते, पण ती एक-दोन फेऱ्यांत ओसरते. सैल चाकाची थरथर वाढत जाते.

निघण्याचा इशारा कोणी द्यायचा, हेही पक्कं असू द्या. २०१७ मध्ये ल मान्सला कामुई कोबायाशीची आघाडीवरची टोयोटा पिटच्या बाहेर पडण्याच्या जागी लाल दिव्यावर उभी होती. दुसऱ्या टीमच्या एका ड्रायव्हरने अंगठा दाखवला. कोबायाशीला तो मार्शल (ट्रॅकवरचा अधिकारी) वाटला, त्याने गाडी हलवली, टीमने थांबवलं, आणि त्या गडबडीत इंजिनाच्या जोरावर पुन्हा पुन्हा निघावं लागल्याने क्लच जळाली. त्यापायी त्या गाडीची शर्यत संपली. दिवा आणि स्वतःच्या इंजिनिअरचा आवाज, याखेरीज कोणताही इशारा मानायचा नाही, हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा.

इंधन आणि पाणी

टाकीवर लिहिलेले लिटर आणि इंजिनापर्यंत पोहोचणारे लिटर सारखे नसतात. चाचणीत एकदा गाडी मुद्दाम इंधन संपेपर्यंत चालवा, मग खरा आकडा कळेल. इंधन कमी असताना लांब वळणात इंजिन अडखळत असेल, तर आधी टाकीतला पिकअप (इंधन ओढून घेणारं तोंड) आणि लिफ्ट पंप पाहा.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान हळूहळू चढत असेल तर बहुधा रेडिएटरच्या जाळीवर रबराचे तुकडे आणि गवत साचलं आहे. पुढच्या थांब्यात साफ करा. तापमान झपाट्याने चढलं आणि सोबत दाब पडला, तर पाणी गेलं आहे. एक फेरी जास्त काढण्याच्या नादात इंजिन जातं.

माणसांचं वेळापत्रक नसणं

ल मान्सला एका ड्रायव्हरला कोणत्याही ६ तासांत ४ तासांपेक्षा जास्त आणि एकूण १४ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. प्रत्येक शर्यतीचे आकडे वेगळे, काही वर्गांत किमान वेळेचीही अट असते. लांबलेला स्टिंट आणि सेफ्टी कार यांमुळे हे गणित रात्री बिघडतं, म्हणून त्यासाठी एक माणूस वेगळा नेमा. मेकॅनिकच्या झोपेच्याही पाळ्या लावा. चोवीस तास जागलेल्या हातात टॉर्क रेंच देऊ नये. हेडलाइटची दिशा इंधन भरलेल्या गाडीवर, रात्रीच्या सरावातच लावून घ्या.

आणि माणसं धडधाकट ठेवा. २००९ मध्ये भारतीय ड्रायव्हर नारायण कार्तिकेयनचा खांदा ल मान्सच्या सुरुवातीआधी पिट वॉलवरून उडी मारताना निखळला. त्याला शर्यतीत गाडी चालवता आलीच नाही आणि उरलेल्या दोघांनी सगळं ओढलं. तिसरा ड्रायव्हर नसेल तर स्टिंट कसे वाटायचे, याचा कागद तुमच्याकडे तयार आहे का?

गाडी बंद पडल्यावर काय करायचं हे ड्रायव्हरला माहीत नसणं

२०२३ मध्ये ल मान्स जिंकणारी ५१ क्रमांकाची फेरारी शेवटच्या थांब्यानंतर सुरूच होईना. सगळी यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती निघाली. हा क्रम ड्रायव्हरला तोंडपाठ असला पाहिजे, कारण ट्रॅकच्या कडेला रेडिओही बंद असू शकतो आणि तिथे मेकॅनिक गाडीला हात लावू शकत नाही. मास्टर स्विच बंद, ठरलेले सेकंद थांबणं, पुन्हा चालू, डॅशवर कोणता दिवा यायला हवा, मग स्टार्टर; इंधन पंप किंवा सेन्सर पर्यायी सेटिंगवर टाकायचा स्विच कुठे आहे. हे ठळक अक्षरांत कार्डावर लिहा, बसल्या जागेवरून वाचता येईल असं चिकटवा आणि प्रत्येक ड्रायव्हरकडून अंधारात, ग्लोव्ह घालून, बेल्ट बांधलेला असताना करवून घ्या.