कानटोपीचा काठ: उठावाचा खांब कसा घालायचा

आमच्या परभणीकडं हिवाळ्यात पहाटे हाडं गोठतात आणि शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीचीच असते. हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेल्या माणसाची टोपी कानावर गच्च बसायला हवी. क्रोशाच्या साध्या खांबांचा, म्हणजे उंच उभ्या टाक्यांचा, काठ चार दिवसांत ढिला पडतो. तिथं खालच्या खांबाला वळसा घालून विणलेले उठावाचे खांबच पाहिजेत, एक पुढून, एक मागून. व्हिडिओत यांना फ्रंट पोस्ट, बॅक पोस्ट म्हणतात. तो व्हिडिओ इंग्लंडचा असेल तर आपल्या खांबाला तिकडं ट्रेबल म्हणतात आणि अमेरिकेचा असेल तर डबल, एवढं ध्यानात ठेवा.

साखळी, मुका टाका आणि खांब येतो असं धरते. ४ एमएमची सुई, मध्यम जाड लोकर. पहिल्या फेरीत १२ खांब, पुढं दर फेरीला १२ वाढवत ७२ पर्यंत. मोठ्या माणसाला चकती साधारण १७ सेंटीमीटर पुरते. मग न वाढवता कानापर्यंत विणत या.

आता काठ. माझी पहिली टोपी इथंच बिघडली. मामांनी ती डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "सुनबाई, ही टोपी हाय का छत्री?" काठाला झालर आली होती. मोजले तर ७२ चे ९१ खांब झालेले.

झालं असं. एरवी सुई खांबाच्या माथ्यावरच्या वेणीत जाते. उठावाच्या खांबात माथ्याला हात लावायचा नाही. सुईवर वेढा घ्या, खालच्या फेरीतल्या खांबाच्या उजवीकडून सुई मागं घाला, डावीकडून पुढं काढा. खांब सुईच्या पुढ्यात उभा दिसला की बरोबर. धागा ओढून खांब नेहमीसारखा पुरा करा. त्या खांबाचा माथा आता मागं रिकामा राहतो. मी मधूनमधून त्यातही खांब घालत होते! तो माथा सोडून द्यायचा असतो, हे व्हिडिओतल्या बाईनं एकदाही सांगितलं नव्हतं. त्यानंतरचा खांब मागून: सुई मागून पुढं आणा, खांबाच्या पुढून नेऊन परत मागं घाला. यात सुई खांबाच्या पुढं दिसते. असं आलटून पालटून. ७२ सम आकडा असल्यानं फेरी बरोबर जुळते. प्रत्येक फेरीला मोजा, कंटाळा करू नका.

दुसरी खोड म्हणजे धागा आखडून ओढणं. पहिला फास खांबाच्या उंचीइतका वर खेचा, नाहीतर खांब बुटका होऊन काठ आत वळतो.

फेरीच्या सुरुवातीला ३ साखळ्यांना खांब समजू नका. साखळीला सुईचा वळसा नीट बसत नाही आणि तिथं भोक पडतं. २ साखळ्या घ्या, त्या मोजू नका, पहिल्या खांबालाच वळसा घाला.

"आधी चौकोनी पट्टीवर सराव करा" हा सल्ला मला पटत नाही. पट्टी प्रत्येक ओळीला उलटते, त्यामुळं पुढचा उठाव मागं जातो आणि नवखी बाई गोंधळून सुई टाकून देते. गोल विणताना सुलट बाजूच समोर राहते. पुढच्यावर पुढचा, मागच्यावर मागचा. सराव २४ खांबांच्या चकतीवर करा. आणि शिकताना काळी लोकर नको. संध्याकाळी लाईट गेली की त्यातला खांब बोटालासुद्धा सापडत नाही. सायीच्या रंगाची घ्या.

अशा ५-६ फेऱ्या पुरतात. शेवटचा जोड सैल ठेवा, धाग्याचं टोक मागच्या उठावात लपवा आणि टोपी दोन्ही हातांनी एकदा ताणून पाहा. कुठं करकचली तर त्या फेरीपर्यंत उसवा.