दिवाळी अंकासाठी कथाचित्रं काढायची असतील तर

कथा हातात येते जुलै-ऑगस्टमध्ये आणि चित्र गणपतीच्या सुमारास द्यायचं असतं. उशिरा आलेल्या कथेला तर चार दिवसही मिळत नाहीत. त्यामुळे काम मागायचं असेल तर मे महिन्यातच संपादकांना नमुने पाठवा. सुटी स्केचेस नकोत. आधी छापून आलेल्या दोन-तीन कथा निवडा, त्यांची चित्रं काढा आणि कथेच्या नावासकट पाठवा. तुम्ही कथा कशी वाचता, हे संपादकाला त्यावरूनच कळतं.

वाचणं हेच या कामातलं मोठं काम आहे, असं मी मनापासून मानते. पहिल्या वाचनाला मी पेन्सिल हातात घेत नाही. दुसऱ्या वाचनात लेखकानं बारकाईनं रंगवलेले प्रसंग बाजूला काढते, कारण ते त्यानं आधीच दाखवलेले असतात. समजा, मुलगा परदेशी गेल्यानंतरच्या घराची कथा आहे आणि शेवटी त्याचा फोन येतो. तिथं फोन काढू नका. चित्र बहुतेक वेळा शीर्षकाशेजारी, पहिल्याच पानावर बसतं. शेवट तिथेच फुटतो. मी कपाटावर उभा ठेवलेला कॅरमबोर्ड काढेन. कथेत त्याचा उल्लेख नसला तरी चालेल, पण तो त्याच घरातला वाटला पाहिजे. असं काही स्वतःचं घालताना कच्चं रेखाटन संपादकांना आधी दाखवावं.

जुने अंक पाहायलाच हवेत. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक 1909 चा. चित्रकार दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांचे रंग आणि त्यांनी रंगवलेल्या स्त्रिया आजही डोळ्यांत भरतात. मला स्वतःला मात्र व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांची रेषा अधिक शिकवते. पेशानं इंजिनिअर असलेला हा माणूस मोजक्या रेषांत अख्खा मध्यमवर्गीय दिवाणखाना उभा करायचा. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी बसून जुनी मासिकं चाळा. मोबाइलवर पाहिलेल्या चित्रावरून पानाचा आकार कळत नाही.

छपाईचं थोडं. कथेची पानं बहुधा एकरंगी, मॅपलिथो म्हणजे चकचकीत लेप नसलेल्या कागदावर असतात. हा कागद शाई पितो, त्यामुळे स्क्रीनवर छान दिसणारा गडद करडा छापल्यावर काळाच होतो. छटा कमी ठेवा, त्यांच्यात अंतर ठेवा. छटांचं चित्र छपाईच्या आकारात 300 डीपीआयला (दर इंचातले ठिपके) आणि निव्वळ रेषांचं 600 किंवा त्याहून जास्तला स्कॅन करा. मजकूर चित्राच्या कोणत्या बाजूनं वाहणार आहे, हे मांडणी करणाऱ्याला विचारून घ्या.

मानधनाचं बोलणं काम सुरू करण्यापूर्वीच करा, आणि लेखी. मूळ चित्र तुमच्याकडे राहील, आणि ते पुढे कथासंग्रहात किंवा मुखपृष्ठावर वापरायचं झाल्यास वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे लागतील, एवढं त्याच मेलमध्ये लिहून टाका. चांगले संपादक याला कधीच हरकत घेत नाहीत.