कुलाबा किल्ल्यावर हिवाळ्यात चालत कसे जावे

अलिबागच्या किनाऱ्यासमोर उभा असलेला कुलाबा किल्ला दिवसातून दोनदा पूर्ण बेट होतो. भरतीला त्याच्या चहूबाजूंनी पाणी असते. ओहोटीला पाणी पुरेसे उतरले, की किनारा आणि किल्ला यांच्यामधली वाळू आणि खडक उघडे पडतात आणि ते दीड-एक किलोमीटरचे अंतर पायी पार करता येते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे दिवस या चालण्यासाठी सर्वांत चांगले. या दिवसांत समुद्र शांत असतो, सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो, उन्हाचा त्रास होत नाही आणि उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी पाण्याच्या कडेला थव्याने बसलेले दिसतात. शनिवार-रविवार टाळावा. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी किल्ल्यावर जी शांतता मिळते, ती सुट्टीच्या दिवशी मिळत नाही.

दिवस निवडणे

‘ओहोटी पाहून जा’ एवढाच सल्ला सगळीकडे मिळतो. तो अपुरा आहे आणि अपुरा असल्यामुळेच धोक्याचा आहे. ओहोटी रोज दोनदा येते, पण प्रत्येक ओहोटीला वाट उघडी पडत नाही. मला स्वतःला सुरुवातीला हाच भाग सर्वांत अवघड गेला, कारण मोबाइलवर ओहोटीची वेळ सहज मिळते, पण पाणी किती उतरणार याकडे कोणी लक्ष वेधत नाही. म्हणून हे नीट समजून घ्यावे.

कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढण्याची जुनी रीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याआधी सहा तासांहून थोडा अधिक वेळ मागे गेले, की सकाळी आठ-सव्वाआठला पुरी ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. ही रीत मुंबई-अलिबाग परिसराला चांगली लागू पडते, मात्र अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो. विशेषतः तिथीचा क्षय किंवा वृद्धी असलेल्या दिवसांत तिच्यावर एकट्यावर विसंबू नये. कॅलेंडरवरून दिवस ठरवावा आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभाग अशी कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध करतो, आणि मुंबईतल्या अपोलो बंदराची वेळ अलिबागसाठी पुरेशी जवळची असते.

आता खरा मुद्दा. कोष्टकात वेळेशेजारी पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते, आणि बहुतेक लोक ती वाचतच नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा भरती जशी मोठी, तशी ओहोटीही खोल असते आणि कोष्टकातली पाण्याची उंची पाऊण मीटरच्या आसपासपर्यंत खाली येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही, ओहोटीलाही ते दोन मीटरच्या जवळपास रेंगाळते. अशा दिवशी पुऱ्या ओहोटीलाही मधल्या भागात पाणी राहते. षष्ठीपासून दशमीपर्यंत चालत जाण्याचा बेत आखूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी कितीही सांगितले की ‘गुडघाभरच पाणी आहे’, तरी ऐकू नये. जाताना गुडघ्याएवढे असलेले पाणी परतताना तेवढेच राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

सर्वांत मोठे उधाण नेमके अमावास्येला किंवा पौर्णिमेला नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते. त्यामुळे द्वितीया आणि तृतीया हे दोन दिवस उत्तम: ओहोटी खोल असते आणि ती सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान, म्हणजे हिवाळ्यातल्या सूर्योदयानंतर लगेच पुरी होते. चतुर्थी आणि पंचमीलाही चालते, पण चतुर्थीला किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ असते. शांतता हवी असेल तर तृतीया निवडावी. त्रयोदशी-चतुर्दशीला दुपारी उशिरा ओहोटी मिळते. परंतु हिवाळ्यात सहा वाजून गेले की उजेड झपाट्याने जातो आणि परतीच्या वाटेवर अंधार व चढते पाणी दोन्ही एकदम गाठतात. ती वेळ मी कोणालाही सुचवत नाही.

जाणे

ओहोटी पुरी होण्याच्या साधारण तासभर आधी किनारा सोडावा. पायांत मागे पट्टा असलेल्या सँडल घालाव्यात; किल्ल्याजवळचे खडक कालवांच्या शिंपल्यांनी भरलेले असतात आणि त्यांची धार अनवाणी पायाला सहज कापते. वाळूवरची वाट सोपी आहे. खडकांवर हिरवे शेवाळ दिसेल तिथे पाय न ठेवता खडबडीत, पांढुरक्या भागावर ठेवावा. घोडागाडी पाण्यातून जाताना दिसली म्हणून तिच्यामागे चालू नये. तिची चाके उंच असतात आणि घोडा माणसापेक्षा जड असतो.

पाणी नुकतेच ओसरलेल्या वाळूवर क्षणभर थांबून खाली पाहावे. मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या एका छिद्राभोवती किरणांसारख्या पसरलेल्या दिसतात. नखाएवढे खेकडे वाळूतले अन्न वेचून उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतात, आणि सावली पडताच छिद्रात शिरतात. हे पाहायचे तर सकाळी, लोकांची पावले पडण्याआधीच.

किल्ल्यावर

किल्ल्याच्या बांधकामाला शिवाजी महाराजांच्या काळात, 1680 मध्ये सुरुवात झाली, आणि पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे झाला. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून केलेला हल्ला इथे फसला. तटाजवळ जाऊन दगडांचे सांधे अवश्य पाहावेत: मोठमोठे चिरे चुना न भरता एकमेकांवर रचलेले आहेत, त्यामुळे लाट आदळली की तिचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत 1759 मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे, म्हणजे गणेश पंचायतनाचे मंदिर आणि गोड्या पाण्याचे तळे आहे. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. त्यापलीकडे सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला आहे. वेळ हाताशी असेल तरच तिकडे वळावे.

परत येणे

इथे घड्याळ पाहणे हे एकच काम आहे. पुऱ्या ओहोटीनंतर जास्तीत जास्त एका तासाने किल्ल्याचा दरवाजा सोडलेला असावा. तृतीयेच्या हिशेबाने सव्वानऊ, त्यापुढे नाही.

एवढा आग्रह का, ते सांगतो. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन आणि चौथ्यातही तीन भाग पाणी वाढते. पहिल्या तासात बदल जाणवतच नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. उधाणाच्या दिवशी, म्हणजे आपण निवडलेल्याच दिवशी, हा चढ साडेतीन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एकट्या तिसऱ्या तासात पाऊण मीटरहून अधिक पाणी वाढते. शिवाय पाणी किल्ल्याच्या दोन्ही अंगांनी येऊन मधल्या सखल भागात एकत्र होते. त्यामुळे किल्ल्याच्या पायथ्याशी खडक कोरडे आणि समोर किनाराही कोरडा दिसत असतानाच मधली वाट बुडालेली असू शकते. पायाखाली काय आहे यावरून नव्हे, तर घड्याळावरून निघावे.

मुले बरोबर असतील तर हा एक तासही अर्ध्यावर आणावा. मुले वाटेत शिंपले वेचतात, आणि त्यांना वेचू द्यायला वेळ हाताशी असला पाहिजे.

वेळ चुकलीच, तर पाण्यात उतरू नये. मधल्या वाटेवर घोट्याच्या वर वाहते पाणी दिसले, की माघारी फिरून किल्ल्यात जावे. किनाऱ्यावर कोणाला तरी परतण्याची वेळ आधीच सांगून ठेवलेली असावी, म्हणजे फोन करून होडीची चौकशी करता येते. भरतीला होड्या किल्ल्यापर्यंत येऊ शकतात. होडी मिळाली नाही तर पुढची पुरी ओहोटी सुमारे साडेबारा तासांनी, म्हणजे रात्री येते, आणि अंधारात त्या खडकांवरून चालणे योग्य नाही. म्हणून पिशवीत पाणी आणि खाणे नेहमी दुप्पट ठेवावे.