धोका घरातच असताना मन कसं सांभाळावं

दारात गाडी थांबल्याचा आवाज आला की छाती धडधडते, रात्री झोप अर्धीच लागते, हातातलं काम विसरतं. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला यावरून ‘वेडी’ ठरवलं जातं. खरं तर शरीर पहारा देत असतं. म्हणून तो घरात असताना हा पहारा उठवू नका. डोळे मिटून ध्यान, हेडफोन लावून पडून राहणं, हे तो बाहेर गेल्यावर. राहिलेली झोपही तेव्हाच, दुपारी अर्धा तास काढा.

मारहाणीनंतर अंग सुन्न पडतं, आपण तिथे नाहीच असं वाटतं. अशा वेळी डोळे उघडे ठेवा, तळपाय फरशीवर घट्ट टेकवा, मनगटांवर गार पाणी सोडा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. मग ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. मात्र ज्यांचा गळा दाबला गेलाय त्यांना श्वासाकडे लक्ष दिल्याने उलट घाबरायला होतं. त्यांनी पाणी आणि वस्तूंवरच थांबावं. आणि गळा दाबला असेल तर वळ दिसत नसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, चक्कर ही आतल्या इजेची लक्षणं असू शकतात. गळा दाबणारा माणूस पुढे जिवावर उठण्याची भीती जास्त असते.

डॉक्टरांना नुसतं ‘डोकं दुखतं’ सांगितलं की वेदनाशामक गोळी मिळते आणि वर्षं जातात. मार कोणी, कशाने मारला ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. झोपेची गोळी लिहून देत असतील तर घरची परिस्थिती आधी सांगा. गोळी घेतली आणि तो रात्री अंगावर धावून आला तर जाग येणार नाही. नैराश्याच्या औषधाचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून ते सोडू नका. मनोविकारतज्ज्ञाचा कागद कोर्टात आपल्याविरुद्ध जाईल, ही भीती अनेकींना असते. त्यात कारण नोंदलेलं असेल तर तोच कागद २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, कलम २२ खाली मानसिक छळाची भरपाई मागताना उपयोगी पडतो.

तारीख, वेळ, काय झालं याची नोंद दुधाच्या हिशेबाच्या वहीत दोन शब्दांत ठेवा. फोन तो तपासतोच. व्हॉट्सॲपमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी यंत्र आहे का बघा, असेल तर तुमचे मेसेज तिथूनही वाचता येतात. मदतीसाठी केलेला तेवढाच कॉल पुसा. सगळी यादी रिकामी दिसली की संशय येतो.

एका शेजारणीशी खुणेचं वाक्य ठरवा, उदाहरणार्थ ‘कढीपत्ता आहे का?’ ते ऐकलं की तिने पोलिसांच्या मदतीचा ११२ नंबर लावायचा. मुलांना मधे न पडता तिच्याकडे पळायला शिकवा.

समुपदेशनाला जोडीने बसू नका. तिथे खरं बोललं की घरी त्याची शिक्षा मिळते. एकटीने बोलण्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन, हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी मदत देणारं जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर किंवा पोलिसांकडचा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत अशा बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्रं आहेत. जीव द्यावासा वाटला तर घरातलं कीटकनाशक आणि गोळ्या आधी शेजारी नेऊन द्या, मग टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत, रात्रीही बोलता येतं.

घर सोडायचं ठरलं तर भांडणात ‘मी चालले’ म्हणू नका. सोडून जाण्याच्या सुमारासच धोका सर्वांत वाढतो. आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, केसपेपरच्या प्रती अगोदरच विश्वासाच्या घरी पोचवा. बाहेर पडल्यावर पहिले काही आठवडे उलट जास्त रडू येतं, त्याची आठवणही येते. पहारा उठल्यावर दडपलेलं वर येतं, त्याला ‘चुकलंच माझं’ समजू नका. महिना उलटूनही तीच स्वप्नं पडत राहिली, तर आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या.