कॉलम डेटाबेसमध्ये लिहिण्याचा वेग टेबल बांधतानाच ठरतो

रत्नागिरीत बसून मी मच्छीमार नौकांच्या जीपीएस नोंदींवर काम करते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा आमचा क्लिकहाऊसही (ओळीऐवजी कॉलमनुसार डेटा साठवणारा डेटाबेस) निवांत असतो. ऑगस्ट लागला की मिरकरवाडा, हर्णै, देवगडहून ट्रॉलर सुटतात. खोल समुद्रात रेंज नसते, त्यामुळे नौका किनाऱ्याकडे वळली की साठलेल्या नोंदी एकदम येऊन आदळतात. तेव्हाच इन्सर्ट, म्हणजे नोंदी लिहिण्याच्या विनंत्या, नाकारले जाऊ लागतात, आणि नवीन मुलं आधी रॅम वाढवून मागतात. त्याआधी टेबलाची व्याख्या उघडून बघा.

मर्जट्रीत (क्लिकहाऊसच्या नेहमीच्या टेबल प्रकारात) प्रत्येक इन्सर्टमागे डिस्कवर निदान एक पार्ट, म्हणजे डेटाचा वेगळा तुकडा, तयार होतो आणि एका पार्टमध्ये एकाच पार्टिशनच्या (टेबल ज्या कप्प्यांत विभागतो त्यातल्या एका कप्प्याच्या) ओळी राहतात. आमच्या हाती आलेल्या टेबलात पार्टिशन नौका आणि दिवस मिळून केलेलं होतं. साठ नौकांच्या तीन दिवसांच्या नोंदी एका गठ्ठ्यात आल्या की झाली १८० पार्टिशन! मुळात एका इन्सर्ट ब्लॉकला १०० पार्टिशनची मर्यादा असते. ती वाढवता येते, पण मग १८० चिमुकले पार्ट पडतात. पाठीमागे मर्ज, म्हणजे छोटे पार्ट जोडून मोठे करण्याचं काम, चालू असतो खरा, पण तो पार्टिशनची हद्द ओलांडत नाही, म्हणून ते कधीच एकत्र येत नाहीत.

पार्टिशन महिन्यावर ठेवलं की तोच गठ्ठा एका पार्टमध्ये मावतो. महिना बदलताना फार तर दोन. नौकेनुसार शोध जलद हवा, हे अगदी रास्त आहे, पण ते काम ऑर्डर बायचं, म्हणजे टेबलातल्या ओळींचा क्रम ठरवणाऱ्या किल्लीचं: आधी नौका क्रमांक, मग वेळ. लिहिताना ओळी याच क्रमाने लावल्या जातात, म्हणून किल्लीत लांबलचक मजकुराचे कॉलम कोंबू नका.

गठ्ठाही मोठा हवा. एकेक नोंद पाठवू नका. निदान हजार ओळी, जमल्यास दहा हजार ते लाख. उपकरणांकडून तसं जमत नसेल तर असिंक इन्सर्ट सुरू करा, म्हणजे छोटे इन्सर्ट सर्व्हरच साठवून एकत्र लिहितो.

कॉलमच्या बाबतीत मी एवढंच बघते की नलेबल (रिकामी जागा चालणारा कॉलम) खरंच लागतो का, कारण कोणती जागा रिकामी आहे याची वेगळी नोंद त्याला लिहावी लागते. बंदराच्या नावासारखी मोजकीच मूल्यं पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉलमना लो-कार्डिनॅलिटी हा प्रकार द्या.

पहिला खरा गठ्ठा टाकल्यावर लगेच क्लिकहाऊसचं स्वतःचं सिस्टिम पार्ट्सचं टेबल (system.parts) उघडून पार्टिशनवार चालू पार्ट मोजा. ऑगस्टची वाट बघू नका, जुलैतच मोजा.