हलत्या वस्तूंवर थ्रीडी कॅमेरा तपासताय? या चुका टाळा

टेबलावर ठेवलेला पार्ट कॅमेऱ्याने ०.१ मिमीत मोजून दाखवला की लोक खूश होतात आणि ऑर्डर देऊन मोकळे होतात. पुढे तोच पार्ट कन्व्हेअरवरून धावायला लागला की फोन सुरू. डेटाशीटवरचा अचूकतेचा आकडा बहुतेक वेळा थांबलेल्या वस्तूचा असतो, हे वाचायची तसदी कोणी घेत नाही.

खरं तर एक साधा गुणाकार पुरतो. पट्टा सेकंदाला ५०० मिमी धावतोय आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी प्रकाश घेण्याचा वेळ, ५ मिलिसेकंदांचं आहे, तर तेवढ्यात पार्ट अडीच मिमी सरकला. स्ट्रक्चर्ड लाइटवाले कॅमेरे आकार मोजायला वस्तूवर एकामागून एक प्रकाशाचे पॅटर्न टाकतात. त्या सगळ्याला १०० मिलिसेकंद लागले तर पार्ट ५० मिमी पुढे गेलेला असतो. मग पॉइंट क्लाउडमध्ये, म्हणजे मोजलेल्या बिंदूंच्या थ्रीडी चित्रात, लाटा दिसतात, कडा फाटतात आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो.

पण माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते वेळेच्या चुकीवर. चाकणच्या एका कारखान्यात रोबोट चालत्या पट्ट्यावरून कास्टिंग उचलायचा आणि त्याचा ग्रिपर (पकडणारा पंजा) कायम १२ मिमी मागे पडायचा. तिथली पोरं कॅलिब्रेशनवर कॅलिब्रेशन करत होती, म्हणजे कॅमेरा आणि रोबोटची मापं पुन्हा पुन्हा जुळवत होती. शेवटी कंटाळून कोणीतरी प्रोग्रॅममध्ये १२ मिमीचा ऑफसेट, म्हणजे कायमची भरपाई, ठोकला. चाललं की! पुढे प्रॉडक्शनवाल्यांनी पट्ट्याचा वेग सेकंदाला ३०० मिमीवरून ५०० केला आणि ग्रिपर पुन्हा मागे, आता ८ मिमी. पट्टा थांबवून बघितलं तर उलट १२ मिमी पुढे. कॅलिब्रेशन बिचारं पहिल्यापासून ठीक होतं. फोटो निघाल्याची वेळ म्हणून पीसीवर फोटो पोचल्याची वेळ लिहिली जात होती, म्हणजे ४० मिलिसेकंदांचा उशीर. ट्रिगरच्या क्षणीच, म्हणजे फोटो काढायचा इशारा मिळताच, एन्कोडरचा (पट्टा किती सरकला ते मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा पकडून ठेवला आणि तो ऑफसेट काढून टाकला, विषय संपला.

म्हणून मी कुठेही गेलो की आधी एकच पार्ट तीन-चार वेगवेगळ्या वेगांवर चालवतो आणि चूक विरुद्ध वेग असा आलेख काढतो. रेषेचा चढ म्हणजे उशीर. वेग शून्य धरल्यावर उरते ती कॅलिब्रेशनची चूक. वेगाबरोबर आकडे सरकण्याऐवजी विखुरायला लागले, तर उशीरच कमी-जास्त होतोय. अशा वेळी ऑफसेट लावून काही होत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण नवशिक्यांना तेवढा दम नसतो.

प्रमाणित चाचणी केली म्हणून निर्धास्त होणारेही भेटतात. एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं ई२९१९ स्थिर वस्तूच्या सहा-अक्षी स्थितीसाठी (जागा आणि कल दोन्ही) आहे, हलत्यासाठी नाही. ऑप्टिकल ट्रॅकिंगचं, म्हणजे कॅमेऱ्याने वस्तूचा माग काढण्याचं, ई३०६४ दोन्ही टोकांना मार्कर असलेली कडक दांडी कॅमेऱ्यासमोर फिरवायला लावतं. ती फिरत असताना दोन टोकांचं नातं किती बदललेलं दिसतं, ते बघायचं. युक्ती झकास, जास्त अचूक दुसरं यंत्र भाड्याने आणावं लागत नाही. मात्र उशीर दोन्ही टोकांना सारखाच लागतो, त्यामुळे अख्खी दांडी चुकीच्या जागी दिसली तरी हिशोब बरोबरच येतो. उशिरासाठी ई३१२४ वेगळं आहे. या दोन्ही चाचण्या करा.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर बसवू नका. पट्टा घसरला तर त्याला पत्ताच लागत नाही, पट्ट्यावर टेकणारं चाक लावा. लेझर प्रोफाइलर (लेझरच्या रेषेने एकेक काप मोजणारा कॅमेरा) ठरावीक वेळेच्या अंतराने ट्रिगर करू नका, वेग बदलला की पार्ट लांबुळका किंवा आखूड दिसतो. कॅमेरा गरम व्हायच्या आत रीडिंग घेऊ नका. नुसती सरासरी दाखवू नका: +५ आणि -५ मिमीची सरासरी शून्य येते, ग्रिपर मात्र दोन्ही वेळा आपटतो. आणि चकचकीत पार्टवर पांढरा स्प्रे मारून दिलेला डेमो मी तरी डेमो धरत नाही, लाइनवर स्प्रे कोण मारणार आहे?

विक्रेत्याकडे चाचणीला जाताना स्वतःचे पार्ट न्या, तेलकट असतील तर तेलकटच. पट्टा मधेच थांबवून पुन्हा सुरू करायला सांगा. त्याने टाळाटाळ केली तर पीओ (खरेदीची ऑर्डर) थांबवा.